आधी चाक, मग कवच, मग रंग: डब्ल्यूडीएम-२ चं मॉडेल बांधताना

अमळनेरहून तू विचारलंस ते आधी थोडक्यात मांडतो. डब्ल्यूडीएम-२ या रेल्वेच्या डिझेल इंजिनाचा, जोडून बनवायचा, १:८७ प्रमाणाचा संच घेतलास. कवच रेझिनचं, जाळ्या, कठडे आणि पायऱ्या पितळी पत्र्याच्या, भोंगे आणि बफर पांढऱ्या धातूचे, आणि खाली बसवायला सहा ॲक्सलचं तयार अमेरिकन चॅसिस, म्हणजे चाकं आणि मोटार असलेला सांगाडा. सगळं चिकटवून झाल्यावर मे महिन्यात गच्चीवर स्प्रेच्या डब्यानं रंगवलंस. रंग वाळू टाकल्यासारखा खरखरीत आला, क्रीम पट्ट्यात लाल झिरपला. शिवाय इंजिन वळणावर रूळ सोडतं आणि सरळ रुळावर मधेच थांबतं. डाग द्यायचा (सोल्डरिंग करायचं) की चिकटवायचं, रंग उतरवायचा की तसाच ठेवायचा, आणि हे फेकून दुसरा संच घ्यावा का, हे तुझे प्रश्न.

फेकू नकोस. यातलं काहीही न सुधारण्यासारखं नाही. पण मला सगळ्यात जास्त खटकलं ते तुझ्या पत्रातलं एक साधं वाक्य: ‘कवच चॅसिसवर अराल्डाइटनं पक्कं बसवलंय.’ बाकीच्या सगळ्या दुखण्यांवर इलाज करायला हेच आड येणार आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

मी भुसावळला शेडमध्ये फिटर म्हणून आयुष्य काढलं. आमच्याकडे विजेची इंजिनं, पण काम कुठल्याही इंजिनाचं असो, ते सुटं करण्यापासूनच सुरू होतं. बॉडी उचलायची, बोगी (खालचे चाकांचे गाडे) बाहेर काढायच्या, मोटार काढायची. ज्यानं ते इंजिन बनवलं त्यानं ते कुठून उघडायचं हे आधीच ठरवलेलं असतं. तुझं डब्ल्यूडीएम-२ ज्या अमेरिकन अल्को कंपनीचं, तिच्या डिझेलचं तर लांब हूड (इंजिनावरचं लांबट आवरण) मुळी खोलता येईल असं, दोन्ही बाजूंना दरवाजे आणि वर काढता येणारी झाकणं असलेलं. मॉडेल करणारा हे विसरतो. माझं पहिलं इंजिन मीही असंच बंद करून टाकलं होतं. दोन महिन्यांनी मोटारीची एक तार तुटली. तार जोडायला लागली असती पाच मिनिटं, पण आत पोचायला मला लांब हूड करवतीनं कापावं लागलं, आणि तो सांधा नंतर कधीच लपला नाही. तेव्हापासून संचाचा डबा उघडला की पहिल्या संध्याकाळी मी काहीच जोडत नाही. कागदावर एवढंच लिहितो की कवच चॅसिसपासून कसं सुटणार, आणि कुठला भाग रंग होईपर्यंत वेगळा राहणार.

तुझं कवच सोडवायचं असं. घरी केस वाळवायचं यंत्र असेल तर चिकटवलेल्या जागी खालच्या बाजूनं बेताची ऊब दे. अराल्डाइट म्हणजे एपॉक्सी, ते उबेनं मऊ पडतं. मग पातळ पात्याची सुरी हळूहळू फिरव. रेझिनही उबेनं मऊ होतं, म्हणून एका वेळी एकच जागा घे आणि कवचाला पीळ पडू देऊ नकोस. सुटल्यावर आतल्या बाजूनं दोन्ही टोकांना प्लास्टिक शीटचे जाड ठोकळे चिकटव आणि चॅसिसमधून खालून वर येणारे दोन बारीक स्क्रू त्यात बसव. २ मिमीचे स्क्रू घड्याळ किंवा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मिळतात. स्क्रू इंधनटाकीच्या आड किंवा कपलरच्या पेटीत लपतील अशी जागा निवड.

आता चॅसिस. पहिला आठवडाभर कवचाला हात लावू नकोस, कारण जे इंजिन उघडं असताना नीट चालत नाही ते कवच घालून कधीच चालणार नाही.

वळणावर उतरण्याची कारणं सहसा तीन-चारच असतात. पहिलं, चाकांमधलं अंतर. एचओच्या, म्हणजे १:८७ प्रमाणाच्या, १६.५ मिमी रुळावर दोन चाकांच्या आतल्या कडांमधलं अंतर सुमारे १४.४ मिमी हवं. व्हर्नियर कॅलिपर लावून सहाही ॲक्सल मोज. एखादं चाक ॲक्सलवर सरकलेलं असलं तर नेमकं तेच काट्यावर (रूळ बदलायच्या जागी) चढतं. दुसरं, बोगी फिरताना कशाला तरी अडते. अमेरिकन चॅसिसला आपल्या इंजिनाची पायरी आणि गुरं-रोधक जाळी माहीत नसते. बोगी हातानं पूर्ण डावीकडे, मग उजवीकडे फिरवून बघ. पायरीच्या मागच्या अंगाला चाक घासत असेल तर तिथे रंग उडून चकाकी दिसेल. पायरी मागून कानशीनं पातळ कर, पुढून कळतही नाही. तिसरं, तुझं वळण. सहा ॲक्सलच्या इंजिनाला ४५७ मिमी त्रिज्येचं वळण फार तंग पडतं. किमान ५५९ मिमी ठेव, आणि जागा असेल तर त्याहून मोठं. बफर लावलेले डबे जोडणार असशील तर तंग वळणावर बफर एकमेकांत अडकतात, तेव्हा ही गोष्ट दुप्पट महत्त्वाची.

चौथं कारण वजन. रेझिनचं कवच हलकं, त्यामुळे पुढची चाकं रुळावर दाबून बसत नाहीत. इंजिनाचं एकूण वजन साडेतीनशे ते चारशे ग्रॅमपर्यंत ने. टायरच्या दुकानात चाकांचं बॅलन्सिंग करताना काढून टाकलेली शिशाची वजनं मिळतात. आपल्याकडे हायवेवर अशी दुकानं पावलोपावली आहेत. शिसं दोन्ही बोगींच्या वर सारखं वाटून लाव. चॅसिस मधोमध पेन्सिलीवर तोलून बघ म्हणजे कुठलं टोक जड आहे ते कळेल. शिशाला हात लावल्यावर हात साबणानं धू आणि घरातल्या लहान मुलांच्या हाती ते लागू देऊ नकोस.

मधेच थांबतं ते जवळपास नेहमी वीज घेण्याच्या दोषानं. काही चॅसिसमध्ये सगळी चाकं वीज घेत नाहीत. फॉस्फर ब्राँझची पातळ पट्टी चाकाच्या मागच्या बाजूला अलगद टेकेल अशी लाव, सहाही ॲक्सलना. दाब एवढाच की चाक बोटानं फिरवलं तर पट्टी त्याला थांबवणार नाही. आणि आपल्याकडची धूळ. भुसावळला उन्हाळ्यात सकाळी पुसलेला रूळ संध्याकाळी पुन्हा काळा. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडानं आधी रूळ पूस, मग चाकं. काचपेपरनं रूळ घासू नकोस. बारीक ओरखड्यांत मळ लवकर धरतो.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण तुझ्या फोटोत मला दिसली. तुझ्या चॅसिसच्या बोगीत तिन्ही ॲक्सल सारख्या अंतरावर आहेत. डब्ल्यूडीएम-२ ची बोगी तशी नसते. अल्कोची ही ट्रायमाउंट बोगी, तिच्यात एक अंतर लहान आणि एक मोठं. मूळ इंजिन अल्कोचं, पहिली गाडी १९६२ मध्ये अमेरिकेतून आली आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात तीच बनू लागली. २६०० अश्वशक्ती, सोळा सिलिंडरचं व्ही इंजिन. म्हणून चॅसिस घ्यायचं तर अल्कोच्याच आरएसडी वर्गातल्या सहा ॲक्सलच्या इंजिनाचं घ्यावं, त्याला हीच बोगी असते. आता घेतलंयस ते बदलू नकोस, ते चालतं करून शिकून घे. पुढच्या इंजिनाला लक्षात ठेव.

दुसरी तफावत रुळाच्या रुंदीची. आपली ब्रॉडगेज १६७६ मिमी, म्हणजे १:८७ ला १९.३ मिमी. एचओचा रूळ १६.५ मिमी, तो खरं तर परदेशी १४३५ मिमीच्या रुळाचा. समोरून पाहिलं की इंजिन पाय जवळ घेऊन उभं राहिल्यासारखं दिसतं. १९.३ मिमीचा रूळ स्वतः टाकायचा तर सगळं हातानं करावं लागतं, इतक्या लवकर त्यात पडू नकोस. मी एक करतो: बोगीच्या बाजूच्या चौकटी चाकांपासून एकेक मिमी बाहेर घेऊन बसवतो. चाकं जिथल्या तिथे राहतात, पण चौकटी रुंद झाल्यानं डोळ्याला ब्रॉडगेज वाटते. आपल्या इंजिनाचं चाक १०९२ मिमी, म्हणजे मॉडेलमध्ये साडेबारा मिमी. अमेरिकन चाक त्यापेक्षा पाऊणेक मिमी लहान निघतं. ते मी सोडून देतो, चौकटीमागे कुणाला दिसत नाही.

लांबी मात्र मोज. बफरपासून बफरपर्यंत खरं इंजिन १७.१२ मीटर, म्हणून तुझं मॉडेल १९७ मिमीच्या आसपास भरलं पाहिजे. पाचेक मिमीचा फरक असेल तर जोडताना कुठेतरी तिरकं गेलंय.

आता डाग की गोंद. माझं उत्तर धातूवर अवलंबून. पितळ पितळाला जोडायचं तर डागच. चिकटवलेला कठडा दुसऱ्यांदा हात लागला की सुटतो, डागलेला वाकतो पण सुटत नाही. पितळ रेझिनला जोडायचं तर गोंद, कारण तिथे डाग देताच येत नाही. पण तिथेही नुसतं पृष्ठभागावर चिकटवू नकोस. ०.५ मिमीचं भोक पाड, कठड्याच्या तारेचं टोक आत घाल, आतल्या बाजूनं एपॉक्सीचा थेंब दे. ताण भोकावर येतो, गोंदावर नाही. सुपरग्लू मी फक्त जागेवर धरून ठेवायला वापरतो, कारण तो ठिसूळ असतो आणि हलक्या धक्क्यानं तडकतो.

डाग मी शिकलो जळगावच्या सराफ बाजारात. ओळखीच्या एका सोनारकाकांकडे पितळी पट्टी घेऊन गेलो, म्हटलं हे कसं जोडू. त्यांनी पट्टी हातात घेतली, बोटानं चोळली आणि परत दिली. ‘हिच्यावर तुझ्या हाताचं तेल आहे, आधी धू.’ दोन तास मी नुसतं घासणं आणि धुणं शिकलो. सोनार दागिन्याला डाग देतो त्याची आच वेगळी, धातू वेगळा, पण नियम तोच: साफ पृष्ठभाग, पुरेशी आच, थोडाच धातू. आपल्या कामाला १४५ अंशांना वितळणारं कथील (सोल्डर) चांगलं. नेहमीचं कथील-शिशाचं मिश्रण १८३ ला वितळतं, तेही चालतं. डाग द्यायच्या इस्त्रीचं (सोल्डरिंग आयर्नचं) टोक मोठं हवं. लहान टोकाची उष्णता पितळ शोषून घेतं आणि तू बराच वेळ टेकवून बसतोस, तेवढ्यात शेजारचा जोड सुटतो. मोठं टोक, दोन सेकंद, बाहेर. टोक साफ करायला नवसागराचा खडा जवळ ठेव. फ्लक्स, म्हणजे कथील धरायला मदत करणारं द्रव्य, म्हणून पातळ फॉस्फरिक आम्ल वापर आणि काम झाल्यावर त्याच दिवशी धुऊन टाक, पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घालून. राहिलं तर महिन्याभरात रंगाखालून हिरवट फोड उगवतात.

पांढऱ्या धातूचे भोंगे आणि बफर यांना नेहमीची इस्त्री टेकवलीस तर ते डोळ्यांदेखत वितळून थेंब होतील. त्यांच्यासाठी ७० अंशांना वितळणारं कथील असतं, आणि तापमान कमी करता येईल अशी इस्त्री. ते कथील पितळाला सरळ धरत नाही. आधी पितळावर नेहमीच्या कथलाचा पातळ थर दे, मग त्यावर ७० चं. हे जमत नसेल तर भोंगे एपॉक्सीनं लाव, त्यात काही कमीपणा नाही.

पितळी पत्र्यातून भाग कापताना कडक पाटीवर ठेवून कापायचं. मऊ चटईवर पत्रा दबून कड वाकते. घडीच्या रेषा अर्ध्या खोदलेल्या असतात, ती रेषा घडीच्या आतल्या बाजूला राहायला हवी. घडी घातली की आतून कथील ओढून ती भर, म्हणजे पुन्हा उघडत नाही. कठड्याला ०.४ मिमीची पितळी तार योग्य. संचातले पत्र्यातून कापलेले कठडे चपटे असतात, ते तेवढे बदल. खरा कठडा गोल पाइपाचा, आणि उजेड त्याच्यावर वेगळा पडतो.

रेझिनबद्दल थोडं. साच्यातून सुटावं म्हणून त्याच्यावर तेलकट थर असतो. तुझा रंग काही ठिकाणी पापुद्र्यासारखा निघालाय तो त्यामुळे. जोडायच्या आधी आणि रंगवायच्या आधी, दोन्ही वेळा कोमट साबणपाण्यात जुन्या टूथब्रशनं घास. धुवायला बोअरचं पाणी वापरू नकोस, आपल्याकडचं पाणी जड, वाळल्यावर पांढरे डाग राहतात. शेवटचं पाणी बॅटरीच्या डिस्टिल्ड वॉटरचं घे, वीस-तीस रुपयांचं काम. रेझिन घासताना कायम ओलं घासायचं आणि मास्क लावायचा. ती भुकटी छातीत गेलेली बरी नाही. तुझं लांब हूड मधे वाकलंय. गरम पाण्यात, हात सोसणार नाही इतपत गरम, दोन मिनिटं ठेव, सपाट काचेवर दाबून सरळ कर आणि तसंच गार होऊ दे. आणि उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवू नकोस. आपल्याकडे पंचेचाळीस अंशांच्या दुपारी पत्र्याखाली पातळ रेझिन आपोआप वाकतं.

सांध्यांतल्या फटी लांबीनं (पुट्टीनं) भर. गाड्यांच्या रंगकामवाल्यांकडे मिळते ती बारीक लांबी चालते. पातळ थर, वाळू दे, वॉटर पेपरनं घास, पुन्हा थर. ४०० पासून सुरू करून १००० पर्यंत जा. फट भरली की नाही हे डोळ्यानं कळत नाही. राखाडी प्रायमरचा एक हलका हात मारला की सगळ्या चुका उघड्या पडतात. म्हणून प्रायमर हा मी रंगाचा नव्हे, तपासणीचा भाग मानतो. माझ्या इंजिनांना प्रायमर दोनदा, कधी तीनदा लागतो.

आता तुझ्या खरखरीत रंगाचं. त्यात तुझ्या हाताचा दोष कमी आणि मे महिन्याचा जास्त. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात फवाऱ्याचा थेंब कवचापर्यंत पोचायच्या आधीच हवेत अर्धा वाळतो. तो ओला येऊन पसरत नाही, कोरडा येऊन चिकटतो. तीच तुझी वाळू. डबा तू लांबून धरला असशील तर अजूनच. जुलै-ऑगस्टच्या दमट दिवसात उलटं होतं, लॅकर पांढुरका पडतो. आणि एक गोष्ट खान्देशाबाहेरच्या कुणी सांगितली नसती: दिवाळीनंतर जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणं) सुरू झालं की हवेत कापसाचे बारीक तंतू तरंगत असतात. माझ्या एका इंजिनाच्या कॅबवर ओल्या लाल रंगात कापसाचा एक तंतू बसला आणि तो काढता काढता अर्धी बाजू गेली. म्हणून मी रंगाचं काम दसऱ्याच्या आसपास, पाऊस सरल्यावर आणि कापूस यायच्या आत उरकतो. नाहीतर फेब्रुवारीत. वेळ पहाटेची, सहा ते आठ. खोली बंद, तासभर आधी जमिनीवर पाणी शिंपडलेलं, पंखा बंद. आणि रंगवल्यावर वर झाकायला प्लास्टिकचा मोठा डबा तयार.

तुझा आताचा रंग उतरवायचा की नाही? जाळ्यांची भोकं आणि दरवाज्यांच्या कडा बुजल्या नसतील तर उतरवू नकोस. १५०० आणि मग २००० नंबरच्या वॉटर पेपरनं पाण्यात घासून गुळगुळीत कर आणि त्यावर पुन्हा रंग दे. फोटोत मला रेडिएटरच्या जाळीची भोकं भरलेली दिसतात, तेवढा भाग तरी उतरवावा लागेल. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये रात्रभर बुडवून सकाळी टूथब्रशनं घास. आधी संचातल्या टाकाऊ तुकड्यावर करून बघ. हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर वापरू नकोस, तो रंगाबरोबर रेझिनची कडही खाईल.

पुन्हा रंगवताना शक्य असेल तर एअरब्रश वापर. ०.३ मिमीचा नोझल, १५ ते २० पीएसआय दाब, १० ते १५ सेंमी अंतर. रंग दुधाइतका पातळ. ॲक्रिलिक असेल तर आपल्या हवेत रिटार्डरचे दोन-तीन थेंब टाकावेच लागतात, म्हणजे तो ओला राहून पसरतो. फवारा कवचाच्या बाहेर सुरू कर, आरपार ने, बाहेर संपव. जागेवर थांबलास की ओघळ. पहिला हात इतका हलका की खालचा प्रायमर दिसत राहील. चार हलके हात एका जाड हातापेक्षा बरे, आणि ते दरवाज्यांच्या रेषा बुजवत नाहीत.

पट्ट्यासाठी फिकट रंग आधी. क्रीम मार, दोन दिवस वाळू दे. वास घेऊन बघ. रंगाचा वास येतोय तोवर तो वाळलेला नाही. मग पट्टा जिथे हवा तिथे टेप लाव. टेपची कारखान्यातली कड कधी वापरत नाही, तिच्यावर धूळ बसलेली असते. काचेवर टेप चिकटवून नव्या पात्यानं ताजी कड काप. टेप लावल्यावर लाल मारायच्या आधी टेपच्या कडेवर पुन्हा क्रीमचाच एक हलका हात मार. फट असेल तर तिच्यातून क्रीमच झिरपेल, क्रीमवर क्रीम दिसत नाही, आणि फट बंद होईल. त्यानंतर लाल. तुझ्या पट्ट्याची कड या एका कृतीनं सुधारेल. दरवाज्यांच्या बिजागऱ्यांवरून टेप जाते तिथे काडीनं दाबून बसव. लाल पूर्ण वाळायच्या थोडं आधी, टेप स्वतःवरच मागे दुमडून हळू काढ.

रंगाची छटा एका इंजिनाच्या एकाच फोटोवरून ठरव. प्रत्येक शेडचे रंग वेगळे आणि तेही वेळोवेळी बदलले, त्यामुळे ‘डब्ल्यूडीएम-२ चा रंग’ असं काही नसतं. अमुक नंबरचं इंजिन अमुक साली कसं होतं, एवढंच विचारता येतं. नंबर निवडताना कवचही बघ. पुढे आखूड हूडच्या जागी पूर्ण रुंदीचं नाक आणि मोठ्या काचा असलेली ‘जंबो’ वेगळी, तुझ्या संचाला तिचा नंबर लावलास तर जाणकार लगेच थांबवेल. आणि डब्यातला लाल सरळ मारू नकोस. एवढ्याशा वस्तूवर तो खेळण्यासारखा भडक दिसतो. त्यात दहा थेंबांना एक थेंब क्रीम घाल. खान्देशच्या उन्हात उभ्या इंजिनाचा लाल असाच विटलेला असतो.

अक्षरं आणि नंबर पाण्यानं चढणाऱ्या डेकलचे, म्हणजे कागदावरून सुटून कवचावर बसणाऱ्या छापील पापुद्र्याचे. खालचा थर चकचकीत असायला हवा, नाहीतर डेकलखाली हवा अडकून चंदेरी चमक दिसते. म्हणून आधी ग्लॉस क्लिअर, मग डेकल, मग मॅट. झेरॉक्सच्या दुकानात लेझर प्रिंटरवर डेकल कागद घालून छापून घेता येतं, पण साधा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. ‘म.रे.’ आणि नंबर पांढरे हवे असतील तर एकतर ते करून देणाऱ्याकडून मागव, किंवा पांढऱ्या डेकल कागदावर आजूबाजूला इंजिनाचा लाल छापून घे. लाल जुळवताना त्रास होतो, मी मागवतोच.

शेवटी जुनाटपणा. हा भाग मला सगळ्यात आवडतो आणि इथेच हात आवरावा लागतो. अल्को इंजिन थ्रॉटल उघडलं की टर्बोला वेग येईपर्यंत काळा धूर ओकतं, म्हणून धुराड्याभोवती आणि त्याच्या मागे छतावर काजळी. निव्वळ काळा नको, काळ्यात थोडा तपकिरी. बोगींवर ब्रेकची तांबूस भुकटी. इंधनटाकीच्या तोंडाखाली डिझेलचा ओघळ, आणि तो एकटाच चकचकीत ठेव, बाकी सगळं मॅट. खाली पायऱ्या आणि चौकटींवर आपल्या काळ्या मातीची धूळ, जी वाळल्यावर काळी नाही तर राखाडी-मातकट असते. मी खडूच्या पेस्टल कांड्या घासून भुकटी करतो, मऊ ब्रशनं लावतो, वर मॅट क्लिअरचा दुरून हलका हात. तो मारला की अर्धी भुकटी दिसेनाशी होते, हे धरून थोडी जास्त लाव.

दिव्यांसाठी पिवळसर पांढरी एलईडी घे, निळसर पांढरी या काळाच्या इंजिनाला शोभत नाही. १२ व्होल्टला १ किलोओहमचा रेझिस्टर पुरतो. डीसीसी (इंजिन डिजिटल संदेशानं चालवायची पद्धत) पुढे कधी घालणार असशील तर तारांचे रंग आत्ताच नियमाप्रमाणे ठेव: उजव्या रुळाची लाल, डाव्या रुळाची काळी, मोटारीच्या नारिंगी आणि राखाडी, पुढचा दिवा पांढरी, मागचा पिवळी, सामाईक धन निळी. कवचातल्या दिव्यांच्या तारा आणि चॅसिस यांच्यामध्ये एक छोटा प्लग-सॉकेट दे. कवच उचललं की प्लग सुटला पाहिजे, तार तुटता कामा नये.

संच हाताळून झाल्यावर पुढे काय, असंही तू विचारलंस. माझ्या मनात बरीच वर्षं पीजे आहे. पाचोरा-जामनेरची ७६२ मिमीची नॅरोगेज १:८७ ला ८.८ मिमी येते, म्हणजे एन गेजचा ९ मिमीचा रूळ तिला जवळपास तंतोतंत बसतो. ब्रॉडगेजला जी तडजोड करावी लागते ती इथे लागत नाही. कवच प्लास्टिक शीटचं स्वतः करावं लागेल, पण एन गेजची चॅसिस लहान आणि चांगली मिळतात. लहानपणी पाचोऱ्याला मेलमधून उतरून पलीकडच्या त्या छोट्या गाडीकडे पळालेली माणसं अजून आपल्यात आहेत. त्यांच्याकडचे जुने फोटो आता गोळा करून ठेवायला हवेत, रंग आणि नंबर त्यातूनच कळतील.

तूर्त हे इंजिन. कवच सोडव, चॅसिस एकटं प्रत्येक दिशेला अर्धा-अर्धा तास मध्यम वेगानं फिरव, चाकांची अंतरं मोजून लिहून ठेव. एखाद्या रविवारी भुसावळला ये. माझ्याकडे ५५९ आणि ७०० मिमीची दोन्ही वळणं मांडलेली आहेत, बोगी कुठे अडते ते दहा मिनिटांत सापडेल. येताना फक्त चॅसिस आण, कवच घरीच डब्यात झाकून ठेव.